देवाचं दार उघडं राहावं म्हणून : दापोडीकरांना कळकळीचं आवाहन



गेल्या शनिवारी संध्याकाळी उपासनेच्या खुर्च्या लावायला आम्ही चार-पाच जण चर्चमध्ये गेलो होतो. दाराला तळहाताएवढं नवंकोरं कुलूप. कमिटीने मुद्दाम भारीतलं आणलेलं. कुलूप काढून मी कडी सरकवली, तर कोयंडाच हलला. वाकून पाहिलं. चार स्क्रूंपैकी एक जागेवर नव्हता, दोन अर्धे बाहेर आलेले, आणि उरलेला मी नखाने फिरवला तसा फिरला. चौकटीचं लाकूड पावसाने भुसभुशीत झालेलं आणि त्यात अर्ध्या इंचाचे स्क्रू. हे कुलूप फोडायची कुणाला गरजच नव्हती. दाराला एक लाथ पुरली असती. त्या दारामागे, पार्टिशनच्या पलीकडे, आमचे पाळकसाहेब बायको आणि दोन मुलांना घेऊन झोपतात.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नाताळ तोंडावर आला आहे, म्हणून ही गोष्ट पुढच्या मीटिंगवर ढकलता येणार नाही, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो.

आपल्या दापोडीत ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कुणाचे आजोबा नगरहून आले, कुणाचे जालन्याहून, सोलापूरहून. कुणी खडकीच्या कारखान्यात लागलं, कुणी एसटीच्या वर्कशॉपमध्ये, कुणी भोसरीच्या एमआयडीसीत. त्यांनी आपल्या पगारातून थोडं थोडं साठवून प्रार्थनेच्या जागा उभ्या केल्या. काहींना आज उंच छत आणि घंटा आहे. काही मंडळ्या अजून भाड्याच्या गाळ्यात भरतात, शटर वर करून. या सगळ्या जागांची एक गोष्ट सारखी आहे. तिथे आठवडाभर शुकशुकाट असतो, रविवारी गर्दी असते, आणि रविवारच्या रात्री अर्पणाचे पैसे कुठल्या तरी कपाटात पडून असतात.

नोव्हेंबर-डिसेंबरात हे पैसे वाढतात. सुगीच्या सणाच्या लिलावाचे, कॅरल फेरीत घरोघर मिळालेले, गरीब कुटुंबांच्या नाताळासाठी जमवलेले, शिवाय वर्षअखेरीचा दशांश. बँक सोमवारी उघडते, खजिनदाराची पहिली शिफ्ट असते, मग मंगळवार उजाडतो. तोवर ती थैली कुठे असते, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक असतं. पाळकसाहेबांच्या कपाटात, साड्यांच्या खाली. आपण सगळ्यांनी मिळून एका माणसाच्या घरात पैसे ठेवले आहेत आणि त्याला सांगितलं आहे की तू निवांत झोप. आपल्या हे कधी लक्षातच आलं नाही.

पैसा जिथे पडून असतो तिथे काय होतं, हे आपल्या देशाने पाहिलं आहे. पश्चिम बंगालमध्ये नदिया जिल्ह्यात राणाघाट आहे. तिथल्या गंगनापूरला जीझस अँड मेरी या धर्मभगिनींचं कॉन्व्हेंट आणि शाळा आहे. १३ मार्च २०१५ च्या मध्यरात्रीनंतर दरोडेखोर आत शिरले. त्यांनी पहारेकऱ्याला बांधलं, शाळेची लाखो रुपयांची रोकड लुटली, प्रार्थनागृहाची नासधूस केली. सत्तरी ओलांडलेल्या एका धर्मभगिनीवर अत्याचार झाला. आवारात सीसीटीव्ही होते आणि त्यांत चेहरेही आले. त्या चित्रांवरून पोलीस माग काढत गेले, टोळीतला एक जण तर आपल्या मुंबईत सापडला. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोलकात्याच्या न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवलं. पण कॅमेऱ्याने गुन्हेगार पकडून दिले, त्या रात्री त्या माउलीला वाचवलं नाही, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे कॅमेरा बसवला की कमिटीला वाटतं, झालं काम.

राणाघाट लांब वाटत असेल तर जवळ येऊ. मार्च २०१५ मध्येच नवीन पनवेलच्या सेंट जॉर्ज चर्चवर मोटारसायकलवरून आलेल्या तोंड बांधलेल्या तिघांनी पहाटे दगड फेकले आणि संतांच्या मूर्तीसमोरची काच फोडली. जानेवारी २०२३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या दफनभूमीतले क्रूस कुणीतरी तोडले. त्याच्या काहीच दिवस आधी, २७ डिसेंबर २०२२ ला, कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातल्या पिरियापट्टणला सेंट मेरीज चर्च फोडलं गेलं. दानपेटी गेली, गव्हाणीतल्या बाळ येशूच्या मूर्तीची मोडतोड झाली. नाताळ होऊन दोन दिवस झाले होते. सजावट तशीच होती, दानपेटी भरलेली होती आणि माणसं सण आटोपून घरी विसावली होती. चोराला याहून सोयीचा दिवस तो कोणता?

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आणि हे म्हणणारी माणसं भाविकच असतात, की देवाच्या घराला कुलूप कशाला? संत एकनाथांच्या घरी चोर शिरले तेव्हा नाथांनी त्यांना बोटातली अंगठी काढून दिली आणि वर जेवू घातलं. ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलोत आपण. आमच्या प्रभूच्या शेजारच्या दोन्ही क्रूसांवर गुन्हेगारच होते, त्यांच्यातल्या एकाला त्याने शेवटच्या घटकेला जवळ केलं, हेही आम्ही दरवर्षी उत्तम शुक्रवारी ऐकतो. मला या दोन्ही गोष्टी मनापासून प्रिय आहेत. पण नाथांनी दिली ती स्वतःची अंगठी. मंडळीचा दशांश विधवेच्या घरातूनही आलेला असतो, तो असा देऊन टाकायचा हक्क कुणालाच नाही. आणि पाळकाच्या मुलांचा जीव तर नाहीच नाही.

कॅथलिक बांधवांच्या धर्मसंहितेत या प्रश्नाचं उत्तर फार सुंदर आलेलं आहे. १९८३ च्या संहितेचा ९३७ वा नियम सांगतो की जिथे पवित्र साक्रामेंत (उपासनेत पवित्र केलेली भाकर) ठेवलेलं आहे ते चर्च, गंभीर कारण नसेल तर, रोज निदान काही तास भाविकांसाठी उघडं असावं. आणि लगेच पुढचा ९३८ वा नियम सांगतो की ते ज्या मंजूषेत ठेवतात तिची किल्ली अत्यंत दक्षतेने सांभाळावी. दार उघडं ठेवा आणि किल्ली जपा, असे हे दोन नियम शेजारी शेजारी बसलेले आहेत. माझं सगळं आवाहन याहून वेगळं नाही. चोरीच्या भीतीने कित्येक चर्चची दारं आठवड्याचे सहा दिवस बंद झाली. कामावरून परतताना पाच मिनिटं टेकावं म्हटलं तर बाहेरच्या ग्रिलला हात लावून पुढे जावं लागतं. नातवाच्या परीक्षेसाठी मेणबत्ती लावायला आलेल्या आजीला मी त्या ग्रिलपाशी उभं राहून प्रार्थना करताना पाहिलं आहे. मला ते दार उघडलेलं हवं आहे. ते उघडं राहायचं तर त्यावर माणसांची नजर हवी.

पैशाचा मार्ग सोपा आहे. अर्पण उपासनेनंतर लगेच, तिथेच, निदान तिघांनी मिळून मोजावं, वहीत तिघांच्या सह्या व्हाव्यात आणि रोकड त्याच दिवशी बँकेच्या पैसे भरायच्या मशीनमध्ये जावी. मशीन रविवारीही चालू असतं. जाताना दोघांनी जावं, वाट आणि वेळ दर वेळी बदलावी. क्यूआर कोड लावला तर रोकड तशीही कमी होते. दानपेटी रोज रिकामी करून तिचं झाकण उघडंच ठेवावं आणि वर ठळक अक्षरांत लिहावं : ‘येथे रात्री रोकड ठेवली जात नाही.’ पाळकाच्या घरी एक रुपयाही नको. पाळकसाहेब स्वतः म्हणाले, ‘असू द्या हो माझ्याकडे’, तरीही नको. ते संकोचाने तसं म्हणतात.

पण पैशापेक्षा मला जास्त काळजी आहे ती दाराच्या आतल्या माणसाची.

फादर, पाळक, धर्मभगिनी यांचं दार रात्री वाजतंच. ‘आईची शेवटची घटका आहे, फादर, चला.’ ‘पोराला ताप चढलाय, प्रार्थना करा.’ ‘घरात भांडण झालंय, नवरा मारतोय.’ ही हाक खरी असते, दहात नऊ वेळा खरीच असते, आणि म्हणून हे लोक पायात चप्पल सरकवून दार उघडतात. नाही म्हणणं त्यांच्या व्रतात बसत नाही. त्यांचा हा चांगुलपणाच घात करायला आलेल्याला वाट करून देतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या थॉर्नबरी गावचे पाळक जॉन सडर्ड्स यांचा त्यांच्या राहत्या घरात खून झाला. ते एकटे राहत. सकाळी दुरुस्तीच्या कामाला आलेल्या कारागिरांना ते मृतावस्थेत दिसले, तोवर कुणालाच काही कळलं नव्हतं. माझं मन त्या सकाळपाशी अडतं. रविवारी ज्याच्याभोवती अख्खं गाव जमतं, तो माणूस रात्री संकटात सापडतो आणि सकाळपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

फ्रान्समधले फादर झाक हामेल ८५ वर्षांचे होते. २६ जुलै २०१६ च्या मंगळवारी सकाळच्या मिस्सावेळी दोन हल्लेखोर चर्चमध्ये शिरले आणि वेदीपाशीच त्यांना ठार केलं. तो अतिरेकी हल्ला होता, तिथली कारणं वेगळी होती. पण त्या मिस्साला उपस्थित किती होते? तीन धर्मभगिनी आणि एक वृद्ध जोडपं, जवळजवळ एवढेच. त्यांतली एक भगिनी निसटून बाहेर पडली आणि तिने मदत बोलावली. आपल्याकडेही रविवारी पाचशे माणसं येतात आणि मंगळवारी सकाळी पाच, तीही सत्तरीपुढची. निवृत्त झालेल्या, धडधाकट माणसांनो, तुम्हाला माझी हात जोडून विनंती आहे. आठवड्यातला एक दिवस वाटून घ्या. सकाळच्या मिस्साला, बुधवारच्या उपवासप्रार्थनेला या आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसा. अनोळखी माणूस आला तर उठून हसतमुखाने विचारा, ‘या, बसा, कुठून आलात?’ खरा भाविक असेल तर तो सुखावेल. हेतू वाईट असेल तर आपल्याला कुणीतरी पाहिलं, एवढं त्याला कळेल.

आणि रात्रीच्या हाकेसाठी एक साधा नेम करू. दार न उघडता आधी आतूनच, ग्रिलमधून बोलायचं. बाहेरचा दिवा आतल्या बटणाने लागला पाहिजे, म्हणजे उजेड येणाऱ्याच्या तोंडावर पडेल. नाव, पत्ता विचारायचा. मग पाळकसाहेबांनी मंडळीतल्या त्या आठवड्याच्या दोन सोबत्यांना फोन करायचा आणि सोबती आल्यावरच तिघांनी निघायचं. गल्लीतलं घर, पाच मिनिटांत माणूस पोचतो. ज्याची आई खरंच आजारी आहे तो पाच मिनिटं थांबतो. त्याला राग येईल असं वाटत असेल तर आधीच रविवारी सर्वांसमोर जाहीर करून टाका की आपल्याकडे आता रात्री असंच चालतं. म्हणजे पाळकाच्या मनावर ओझं राहणार नाही. सोबत्यांची नावं महिनाभर आधी फळ्यावर लागावीत. माझं नाव पहिल्या आठवड्याला लिहा.

धर्मभगिनींच्या निवासाला हेच लागू आहे. शेजारच्या महिला मंडळाने त्यांच्याशी रोज रात्री दहाला एक फोन ठरवावा. फोन उचलला नाही तर दोघींनी जाऊन दार वाजवायचं.

आता माझ्या ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांशी बोलतो. हे आवाहन तुम्हालाही तितक्याच हक्काने आहे. पुण्यात क्वार्टर गेटजवळ सिटी चर्च आहे, त्याची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली दिली. पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिलेदारांना प्रार्थनेला जागा नव्हती, ती मिळाली. प्रार्थनेला जागा देणं आणि ती जपणं हे या मातीला नवं नाही. आपल्या दापोडीत चर्च, विहार, मशीद आणि गणपती मंडळाचा मांडव एकाच हाकेच्या अंतरात आहेत. मंडळाची पोरं गणपतीत दहा रात्री जागून मूर्तीपाशी पहारा देतात. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात रात्री घरी जाताना एक चक्कर चर्चच्या गल्लीतून मारा, एवढंच मागतो. तुमच्या मांडवापाशी आमची मुलं उभी राहतील.

सेकंड शिफ्ट सुटून घरी येणाऱ्यांनो, तुमच्यावर माझा खास भरवसा आहे. घरफोडीची वेळ ती तुमची घरी यायची वेळ. चाकणहून, भोसरीहून कंपनीची बस रात्री बारा-साडेबाराला तुम्हाला सोडते. सगळी दापोडी झोपलेली असते आणि रस्त्यावर फक्त तुम्ही, स्टेशनवरचे रिक्षावाले आणि सोसायट्यांचे वॉचमन असता. चर्चच्या आवारात टॉर्च फिरताना दिसली, नंबरप्लेट झाकलेली गाडी फाटकाशी दिसली, शटर गुडघाभर वर दिसलं, तर स्वतः आत जाऊ नका. कटावणी हातात असलेल्या माणसासमोर उभं राहणं धोक्याचं आहे. लांबूनच ११२ ला फोन करा, ठिकाण नीट सांगा आणि उजेडात उभे राहा. दमलेले असता हे मला माहीत आहे, मीही शिफ्टमध्ये आयुष्य काढलं आहे. तरी तो एक फोन करा.

दापोडीला आता स्वतःचं पोलीस ठाणं आहे. प्रत्येक चर्चच्या कमिटीने तिथे लेखी अर्ज द्यावा. उपासनेच्या वेळा, पाळकांचं निवासस्थान, जबाबदार दोघांचे फोन त्यात असावेत आणि रात्रीच्या गस्तीत या जागेची नोंद घ्यावी अशी विनंती असावी. बीट मार्शलचा नंबर मागून घ्या. गल्लीतला बंद दिवा महापालिकेच्या सारथी हेल्पलाइनवर नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

दुर्दैवाने काही घडलंच तर आपल्या हातून नेहमी एक चूक होते. सकाळी दार उघडं दिसतं, वेदीवरचं कापड ओढलेलं, पुस्तकं जमिनीवर. ते पाहवत नाही. भगिनी झाडू घेतात, कुणी क्रूस उचलून पुसतं. ठसे, पायाच्या खुणा, सगळं पाच मिनिटांत पुसलं जातं. मन कितीही तुटलं तरी पंचनामा होईपर्यंत हात लावायचा नाही, दाराबाहेर उभं राहायचं. कॅथलिक चर्चमध्ये मंजूषा फोडली गेली असेल तर ते दुःख पैशात मोजता येत नाही. त्यातलं पवित्र साक्रामेंत गेलं, हे पोलिसांना साध्या शब्दांत समजावून सांगा, नाहीतर कागदावर फक्त ‘पितळी डबा’ येतो. ‘फार काही गेलं नाही’ म्हणून तक्रार टाळू नका. भारतीय न्याय संहिता प्रार्थनास्थळात घुसणं हे राहत्या घरात घुसण्याइतकंच गंभीर मानते. रात्री घर फोडून चोरी करण्याला कलम ३३१ खाली १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, प्रार्थनास्थळातली मूर्ती चोरण्याला कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. माहिती ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

चोरटे आपल्याकडून नेतात ते बहुधा मिक्सर, अॅम्प्लिफायर, कीबोर्ड, पितळी समया. त्यांचे फोटो आणि मागचे नंबर आजच काढून तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. नंबर नसेल तर सापडलेला कीबोर्डही आपला आहे हे सिद्ध करता येत नाही.

आणि व्हॉट्सअॅपवर काही टाकू नका. पिरियापट्टणला मूर्ती मोडलेली पाहून लोकांच्या मनात नाही नाही ते आलं, पोलीस तपासात तो चोरीचा प्रकार निघाला. कधी तो द्वेषाचाही असतो, आणि असेल तर तसा गुन्हा नोंदवायचा आग्रह आपण धरूच. पण ते तपासातून येऊ द्या. एका फुटलेल्या काचेवरून ही गल्ली फुटली, तर झालेलं नुकसान कुठल्याच पंचनाम्यात मावणार नाही.

येत्या रविवारी उपासनेनंतर कुणी लगेच घरी जाऊ नये. आपापल्या चर्चची प्रत्येक कडी, कोयंडा, खिडकीचा गज, बाथरूमची झडप हाताने हलवून पाहायची आहे. गाळ्यात मंडळी भरत असेल तर शटरची दोन्ही बाजूंची कुलपं आणि मधलं कुलूप पाहायचं आहे. कुजलेल्या चौकटीत पुन्हा तेच स्क्रू पिळायचे नाहीत. लोखंडी पट्टी लावून आरपार बोल्ट घालायचा आणि नट आतल्या बाजूने आवळायचा. आपल्यात फिटर आहेत, वेल्डर आहेत, टर्नर आहेत. हे तासाभराचं काम आहे. येताना ज्याच्या घरी आहे त्याने ड्रिल आणावं, बाकीच्यांनी स्क्रू ड्रायव्हर आणि पाना. तीन इंची बोल्ट आणि पट्ट्या मी घेऊन येतो.